मराठी लेखसंग्रहावर शोध सुविधा: 'विहीर' शोधल्यावर 'नौकाविहार' का सापडतो?

लेखसंग्राहक

नमस्कार. मी मराठी लेखांचे एक संकेतस्थळ सांभाळतो. त्यात काही हजार लेख असून बरेचसे जुन्या नियतकालिकांतून पुन्हा टंकित केलेले आहेत. इतके दिवस वाचक विषयवार यादीतून लेख शोधत असत, पण यादी आता इतकी लांबली आहे की माझे मलाच लेख सापडत नाहीत. म्हणून शोधाची चौकट बसवायला घेतली आणि पहिल्याच आठवड्यात अडकलो.

सुरुवातीला डेटाबेसमध्ये थेट 'मजकुरात हा शब्द कुठेही असेल तर दाखव' अशी साधी क्वेरी लिहिली. ती चालली, पण दर वेळी सगळे लेख पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचले जात असल्यामुळे वेळ लागत होता. शिवाय 'वात' शोधले की 'सुरुवात' आणि 'वातावरण' असलेले सगळे लेख समोर येत. मग एसक्यूलाइट या डेटाबेसमधली एफटीएस ५ ही पूर्ण मजकूर शोधाची सोय सुरू केली. वेग एकदम वाढला, पण निकाल पाहून गोंधळलो. 'विहीर' शोधल्यावर विहिरींवरचे लेख आलेच, त्यांच्या मधोमध मात्र नौकाविहाराचे एक प्रवासवर्णन आणि 'विहार' शब्द असलेले आणखी चार लेख आले. त्यांपैकी एकाही लेखात विहिरीचा उल्लेख नाही, हे मी प्रत्येक लेख उघडून तपासले आहे. संगणकाला 'विहीर' आणि 'विहार' सारखे का वाटावेत?

सूचीकार

तुमचा प्रश्न वाचताच कारण लक्षात आले, कारण मीही यातून गेलो आहे. आधी यंत्रणा आतून कशी चालते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे दोष नेमका कुठे आहे ते दिसेल.

पूर्ण मजकूर शोध म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची. कोणता शब्द कोणकोणत्या लेखात, कितव्या जागी आहे याची नोंद आधीच करून ठेवलेली असते, त्यामुळे शोधताना लेख वाचावे लागत नाहीत; सूचीतली एक ओळ काढली की काम भागते. तुम्हाला जाणवलेला वेग तिथून येतो. पण सूची करायची तर आधी मजकुराचे शब्द पाडावे लागतात. शब्द कुठे संपला हे यंत्र अक्षरांच्या वर्गावरून ठरवते, आणि तुमचा घोटाळा नेमका या पायरीवर झाला आहे.

युनिकोड या संगणकीय अक्षरसंहितेत प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला आहे. व, ह, र ही चिन्हे 'अक्षर' या वर्गात आहेत, पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी 'जोडचिन्ह' या वेगळ्या वर्गात आहेत. एफटीएस ५ चा नेहमीचा शब्दपाड्या फक्त अक्षरे आणि अंक यांना शब्दाचा भाग मानतो आणि बाकी सगळ्याला स्वल्पविरामासारखे दुभाजक समजतो. त्यामुळे 'विहीर' या शब्दाचे त्याच्या दृष्टीने व, ह, र असे तीन वेगळे शब्द होतात आणि 'विहार' याचेही व, ह, र असेच तीन. तुम्ही 'विहीर' शोधता तेव्हा तो 'व, ह, र हे तीन शब्द ओळीने कुठे येतात' एवढेच पाहतो. 'नौकाविहार' या शब्दात न, क यांच्यानंतर नेमके तेच तीन ओळीने येतात.

उपाय सोपा आहे. सूची तयार करताना या शब्दपाड्याला 'कॅटेगरीज' नावाचा पर्याय देता येतो. त्यात अक्षरे आणि अंक यांच्या जोडीला 'एमएन' आणि 'एमसी' हे दोन वर्ग घाला. दोन्ही घालणे आवश्यक आहे, कारण काना आणि वेलांटी एका वर्गात येतात, तर उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त दुसऱ्या वर्गात. एकच घातला तर निम्मे शब्द तुटतेच राहतील. पर्याय बदलल्यावर सूची पहिल्यापासून पुन्हा बांधा, कारण जुन्या नोंदी आपोआप सुधारत नाहीत.

हा दोष एकट्या एसक्यूलाइटचा नाही, हेही सांगून ठेवतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीत) 'शब्दातील चिन्ह' म्हणून जो संक्षेप वापरतात, तोही वेलांटी-मात्रांना शब्दाबाहेर ठेवतो आणि मराठी मजकुराचे असेच तुकडे करतो.

लेखसंग्राहक

मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे दोन्ही वर्ग घातले, सूची नव्याने बांधली आणि 'विहार' निकालातून नाहीसा झाला.

आता मात्र वेगळीच अडचण उभी राहिली आहे, आणि ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. 'विहीर' शोधल्यावर आता फक्त तेच लेख येतात ज्यांत 'विहीर' हे रूप जसेच्या तसे आहे. 'विहिरीत', 'विहिरीचे', 'विहिरींवर' असलेले लेख येत नाहीत. पुनर्भरणावरचा आमचा सर्वांत चांगला लेख पूर्णपणे गळाला, कारण शीर्षकात 'विहिरींचे' आहे आणि आतही एकवचनी प्रथमेचे रूप एकदाही आलेले नाही. म्हणजे आधी शब्द तुटत होते म्हणूनच ही रूपे योगायोगाने सापडत होती! शब्द नीट पाडला आणि शोध अधिक आंधळा झाला, असे माझ्या पदरी आले आहे.

मात्रावेलांटी

तुम्ही मराठी शोधाच्या मूळ अडचणीपाशी येऊन पोहोचला आहात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठीत नाम वाक्यात आले की बहुधा सामान्यरूप घेऊन येते आणि त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय चिकटून बसते. वाचक शोधचौकटीत कोशातले रूप टंकतो, तर लेखकाने मजकुरात दुसरेच वापरलेले असते. 'घर' शोधणाऱ्याला 'घरातल्या', 'घरांसाठी', 'घरापासून' हे सगळे हवे असते. म्हणून शब्द सूचीत जाण्याआधी त्याला एका ठरावीक मूळ रूपावर आणावे लागते आणि शोधणाऱ्याने टंकलेल्या शब्दालाही त्याच प्रक्रियेतून जावे लागते. दोन्ही बाजूंना एकच प्रक्रिया, यात तडजोड चालत नाही.

इंग्रजीसाठी मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेली प्रत्यय छाटण्याची पद्धत आजही वापरात आहे. हिंदीसाठी ल्युसीन या शोधप्रणालीत तयार विश्लेषक मिळतो, पण तो मराठीला लावू नका. आपले प्रत्यय निराळे आहेत आणि हिंदीत परसर्ग नामापासून सुटे लिहितात, तर मराठीत ते जोडून येतात. स्वतःचा छाटणारा लिहिणे अवघड नाही. मी थरांनी छाटतो. बाहेरच्या थरात सुद्धा, देखील, साठी, मध्ये, पासून, पर्यंत, वरील, कडून यांसारखी अव्यये. त्याच्या आतल्या थरात ला, ना, ने, नी, चा, ची, चे, च्या, त, हून हे विभक्तिप्रत्यय. आणि सर्वांत आत सामान्यरूपाचा काना, वेलांटी, मात्रा किंवा 'या', अनुस्वारासह किंवा अनुस्वाराविना. प्रत्येक थरात लांब प्रत्यय आधी तपासायचा. 'विहिरींमध्येसुद्धा' हा शब्द घ्या. आधी 'सुद्धा' गेले, मग 'मध्ये' गेले, मग अनुस्वारासह वेलांटी गेली आणि 'विहिर' उरले.

आता 'विहीर' हा मूळ शब्द आणि हे 'विहिर' यांच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक राहिला. सामान्यरूप होताना उपान्त्य ई-ऊ ऱ्हस्व होतात, जसे फूल–फुलात, पीक–पिकाचे, मूल–मुलाला. म्हणून शेवटच्या पायरीवर सगळ्या दीर्घ वेलांट्या आणि उकार ऱ्हस्व करून टाकायचे. शुद्धलेखनाच्या दृष्टीने हे खटकेल, पण हे रूप वाचकाला कधी दिसतच नाही. ते सूचीतली खूण म्हणून आत राहते. त्या खुणेला अर्थ असण्याचीही गरज नाही. 'पाण्यात' आणि 'पाणी' दोन्ही 'पाण' या खुणेवर आले की पुरे. 'पाण' असा शब्द कोशात आहे की नाही याची चिंता करू नये. या पायरीचा आणखी एक लाभ आहे. शोधणारा घाईत 'विहिर' असे चुकीचे ऱ्हस्व लिहितो, त्यालाही योग्य लेख सापडतात.

धोके दोन आहेत. पहिला म्हणजे अति छाटणी. 'हात' आणि 'शेत' यांतला 'त' प्रत्यय नव्हे, म्हणून छाटून झाल्यावर किमान दोन अक्षरे उरली पाहिजेत अशी अट घाला. त्या अटीतूनही 'वरात' निसटतो आणि 'वर' होऊन बसतो, 'परात' तसाच. अशा शब्दांची अपवादांची यादी ठेवावी लागते आणि ती वापरातूनच वाढत जाते. दुसरा धोका म्हणजे भिन्न शब्द एक होणे. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांच्यातला फरक या पद्धतीत पुसला जातो.

या दुसऱ्या धोक्यावर माझा ठाम उपाय असा आहे की मजकुराची सूची दोनदा करावी. एका रकान्यात शब्द जसाच्या तसा, दुसऱ्यात छाटलेली खूण. शोध दोन्हींत चालवावा आणि जसाच्या तसा जुळलेल्याला अधिक वजन द्यावे. मग 'दीन' शोधणाऱ्याला 'दीन' असलेले लेख वर दिसतील आणि 'दिन' असलेले खाली. एफटीएस ५ मध्ये निकालांना क्रम लावणारे बीएम २५ हे सूत्र उपलब्ध असून त्यात प्रत्येक रकान्याचे वजन वेगळे देता येते. शीर्षकाचा रकानाही स्वतंत्र ठेवा आणि त्याला सर्वांत जास्त वजन द्या. मात्र एक गोष्ट लक्षात असू द्या: तिथे अधिक योग्य निकालाला अधिक लहान, ऋण आकडा मिळतो, म्हणून क्रम चढता लावायचा असतो. माझ्याकडून तो एकदा उलटा लागला होता आणि सर्वांत कमी संबंध असलेले लेख अग्रभागी आले होते.

एकसंध

मात्रावेलांटी यांच्या मेहनतीबद्दल आदर आहे, तरीही मी थोडा वेगळा मार्ग सुचवतो. प्रत्यय छाटणे, अपवादांच्या याद्या सांभाळणे हे एकट्या माणसाला वर्षानुवर्षे निभावणे कठीण आहे. त्याऐवजी तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून सूची करावी. एसक्यूलाइटमध्ये २०२० च्या अखेरीपासून हा शब्दपाड्या मिळतो, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्यासाठी पूरक जोडणी आहे आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्येही ठरावीक लांबीचे तुकडे पाडण्याची सोय आहे. व्याकरण काहीही असो, शब्दाचा भाग जुळला की लेख सापडतो. अन्यथा एखाद्या मोठ्या शोधसेवेची, आपल्या संकेतस्थळापुरती मर्यादित केलेली चौकट लावून मोकळे व्हावे. मराठी रूपांचे काम त्यांनी आपल्यापेक्षा नक्कीच जास्त केलेले आहे.

मात्रावेलांटी

एकसंध, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि देखभालीचा भार मी नाकारत नाही. पण तुकड्यांची पद्धत इथे पुरी पडत नाही. 'विहीर' आणि 'विहिरीत' यांत दुसरी वेलांटीच वेगळी असल्यामुळे तुकडे जुळणार नाहीत. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ एक करण्याचे काम तरीही करावेच लागेल. शिवाय एसक्यूलाइटच्या त्या पद्धतीत तीनपेक्षा कमी चिन्हांचा शोध काहीच शोधत नाही, आणि मराठीत घर, मन, वन, जल, ऊस, ऊन असे दोन चिन्हांचे शब्द पावलोपावली आहेत. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या सूचीतही इनोडीबी या त्याच्या साठवण यंत्रणेसाठी किमान लांबी तीन ठरवलेली असते, त्यामुळे तिथे 'घर' सूचीत शिरतच नाही. ती मर्यादा हाताने कमी करावी लागते. आणि लेखसंग्राहकांची मूळ तक्रार होती ती 'वात–सुरुवात' ही अडचण तुकड्यांनी परत येते. मी तुकड्यांची सूची ठेवतो, पण फक्त राखीव म्हणून. मुख्य शोधात एकही निकाल नसेल तेव्हा 'तुम्हाला हा शब्द अभिप्रेत आहे का' असे सुचवण्यासाठी ती फार उपयोगी पडते.

बाहेरच्या सेवेबद्दल इतकेच म्हणेन की नवा लेख निकालात कधी दिसेल हे आपल्या हातात राहत नाही, फुकटच्या सेवेत जाहिराती येतात आणि निकालांचा क्रम चुकला तर आपण तो दुरुस्त करू शकत नाही. ज्याला अजिबात वेळ नाही त्याने ती जरूर वापरावी. जुन्या मराठी मजकुराची जबाबदारी घेतलेल्या माणसाने मात्र शोध स्वतःच्या हातात ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

जुने_अंक

जुन्या नियतकालिकांचा उल्लेख वाचला म्हणून लिहिते. तुमच्या संग्रहात १९६२ पूर्वीचे लेख असतील, तर वरील सगळे करूनही ते हाती लागणार नाहीत.

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि शासनाने स्वीकारलेले लेखनविषयक नियम १९६२ साली आले. आधी ते १४ होते, १९७२ मध्ये ४ वाढले. त्याआधीच्या छपाईत अनुच्चारित अनुस्वार सर्रास असत. 'घरांत' म्हणजे एकाच घरात, 'कांहीं', 'नाहीं', 'केलें' अशी रूपे त्या लेखांत ओळीओळीला भेटतात. आजचा वाचक 'काही' टंकतो, त्याला 'कांहीं' कसे सापडणार? टंकित करताना ही रूपे 'सुधारू' नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे; मूळ मजकूर जसा छापला गेला तसाच राहिला पाहिजे. सोय सूचीच्या खुणेत करा. शब्दाच्या शेवटचा अनुस्वार खुणेतून काढून टाका. शब्दाच्या मधला अनुस्वार मात्र सरसकट काढू नका, नाहीतर 'अंत' आणि 'अत', 'संत' आणि 'सत' एक होतील. 'नाहीं', 'केलें' यांची सोय एवढ्याने होते. 'कांहीं', 'पांच', 'नांव' यांसारख्या, मधला अनुस्वार गळून गेलेल्या शब्दांची मी हाताने केलेली छोटी यादी वापरते. ही यादी काही आठवड्यांत स्थिरावते, कारण असे शब्द पुन्हा पुन्हा तेच येतात. याउलट 'सन्त', 'आम्बा' अशी परसवर्णाने लिहिलेली रूपे 'संत', 'आंबा' यांवर आणणे सोपे असून ते नियमानेच करता येते.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती अधिक छळते. पडद्यावर हुबेहूब सारखा दिसणारा शब्द आत वेगवेगळ्या चिन्हांनी साठवलेला असू शकतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आले. त्याआधी आणि काही कीबोर्डांवर आजही 'अ' ला चंद्र जोडून ते लिहितात. युनिकोडचे प्रमाणित एकरूपीकरण चालवले तरी ही दोन रूपे एक होत नाहीत, आपल्यालाच नियम घालावा लागतो. 'दऱ्या', 'पुढाऱ्याला' यांतला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्ता असलेल्या 'ऱ' ला हलन्त जोडून किंवा साध्या 'र' ला हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडक चिन्ह देऊन. दुसऱ्या प्रकारात ते अदृश्य चिन्ह शब्दपाड्याला दुभाजक वाटते आणि शब्द मधोमध तुटतो. म्हणून हा दुसरा प्रकार आधी पहिल्यात बदला आणि मगच उरलेली सगळी अदृश्य जोडक व विलगक चिन्हे काढून टाका. क्रम उलटा झाला तर अर्धा र ओळखण्याची खूणच नाहीशी होते.

अंकांचेही पाहा. लेखात साल देवनागरी अंकांत असते आणि शोधणाऱ्याच्या मोबाइलवर बहुधा आंतरराष्ट्रीय अंक असतात. खुणेत दोन्ही एकाच प्रकारात आणणे हे दोन ओळींचे काम आहे.

उघडे_पान

आतल्या यंत्रणेची चर्चा उत्तम झाली आहे; मी वाचकाच्या बाजूने काही सांगतो.

शोधलेला शब्द पानाच्या पत्त्यात येऊ द्या, म्हणजे निकालाचा दुवा दुसऱ्याला पाठवता येतो आणि मागे गेल्यावर शोध हरवत नाही. चौकटीला केवळ भिंगाचे चित्र लावू नका. 'शोधा' हे नाव, पडदा वाचून दाखवणाऱ्या वाचकयंत्राला ऐकवता येईल असे लिहिलेले असू द्या.

टंकत असतानाच सूचना दाखवणार असाल तर एक काळजी घ्या. मराठी टंकणारे पुष्कळ लोक उच्चारानुसार अक्षर घडवणारा कीबोर्ड वापरतात. त्यात शब्द पुरा होईपर्यंत चौकटीत अर्धीमुर्धी रूपे येत असतात. 'विहीर' टंकताना मध्येच पायमोडका 'व्' येतो, मग 'वि', मग 'विह्'. प्रत्येक कळीला शोध धाडला तर सर्व्हरला भार आणि वाचकाला निरर्थक सूचना. अक्षराची जुळवणी पूर्ण झाल्याची खूण ब्राउझर देतो, तिची वाट पाहा आणि त्यावरही थोडा थांबा ठेवा. काही वाचक तर रोमन लिपीतच मराठी टंकतात. त्यांच्यासाठी शीर्षकांची तरी रोमन रूपे सूचीत ठेवली तर निराशा बरीच टळते.

शोधलेला शब्द निकालातल्या उताऱ्यात ठळक दाखवायची वेळ येईल तेव्हा छाटलेल्या खुणांचा रकाना उपयोगी पडणार नाही, कारण तो दाखवण्यासारखा मजकूर नसतो. मी असे करतो की निवडलेला लेख सापडल्यावर त्याच्या मूळ मजकुरातला एकेक शब्द त्याच छाटणीतून काढतो आणि ज्याची खूण शोधाच्या खुणेशी जुळते तो मूळ शब्द ठळक करतो. 'विहीर' शोधणाऱ्याला 'विहिरींचे' हा शब्द उजळलेला दिसला की हा लेख का आला हे त्याला लगेच उमगते. हा विश्वास फार मोलाचा आहे.

पहारेकरी

सुरक्षेकडे कोणी वळलेले नाही, म्हणून चार गोष्टी.

वाचकाने टंकलेला मजकूर क्वेरीत थेट जोडू नका आणि निकालाच्या पानावर 'तुम्ही शोधले' असे दाखवताना त्यातली कोडसारखी चिन्हे निष्प्रभ करूनच तो छापा. या दोन चुकांतून संकेतस्थळे फोडली जातात. एफटीएस ५ ची स्वतःची शोधभाषाही आहे. 'स्त्री-शिक्षण' असे जोडरेघेसह शोधले की ती रेघ खुणेसारखी वाचली जाते आणि निकालांऐवजी त्रुटी येते. प्रत्येक शब्द दुहेरी अवतरणांत गुंडाळून पाठवा आणि आतले अवतरणचिन्ह दुहेरी करा.

अप्रकाशित आणि मागे घेतलेले लेख सूचीत जाणार नाहीत हे तपासा. लेख पानावरून काढला तरी सूचीत राहिला, तर त्यातल्या ओळी उताऱ्यात दिसत राहतात.

शोधांची नोंद ठेवाल तेव्हा कोणी शोधले हे ठेवू नका. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांचे शोध संशोधनासाठी खुले केले. नावांच्या जागी केवळ क्रमांक होते, तरीही शोधलेल्या शब्दांवरून पत्रकारांनी एका महिलेला ओळखून काढले. माणूस शोधचौकटीत आजार, भीती, अडचण सगळे लिहितो. शब्द, तारीख आणि निकालांची संख्या एवढे तुमच्या कामाला पुरते.

लेखसंग्राहक

दोन आठवडे काम करून परत आलो आहे. सर्वांचे म्हणणे जवळजवळ शब्दशः पाळले. शीर्षक, मूळ मजकूर आणि खूण असे तीन रकाने केले, एकरूपीकरण आधी आणि छाटणी नंतर असा क्रम ठेवला. पुनर्भरणाचा तो लेख आता 'विहीर' शोधल्यावर पहिला येतो, आणि १९६२ पूर्वीच्या अंकांतले 'कांहीं' आजच्या 'काही'ला सापडते. हे पाहताना खरोखर भरून आले, कारण ते अंक टंकित करणाऱ्यांचे श्रम इतकी वर्षे वाचकांपर्यंत पोहोचतच नव्हते.

पहारेकरी यांनी सांगितल्याप्रमाणे फक्त शब्द, तारीख आणि संख्या नोंदवतो. रोज रात्री शून्य निकालांचे किंवा जेमतेम एक-दोन निकालांचे शोध वाचतो आणि तेच मला पुढचे काम दाखवतात. पहिल्या दिवसांत तिथे टंकनदोष होते, ते सूचनांनी बरेच आवरले. आता उरले आहेत ते शब्द पाहून मी थांबलो आहे. 'कापूस' शोधल्यावर 'कापसाची', 'कापसावरील' मिळत नाहीत. 'लाकूड–लाकडाचे', 'पाऊस–पावसात', 'देऊळ–देवळात', 'ऊन–उन्हात', 'मासा–माशांचे' यांचेही तसेच. इथे शेवट छाटून भागत नाही, शब्दाचे पोटच बदलते. हे सगळे अपवादांच्या यादीत घालत बसायचे का?

मात्रावेलांटी

सगळे नाही. यातल्या बहुतेकांसाठी नियम आहे आणि तो लेखनाच्या नियमांतच सांगितलेला आहे: तीन अक्षरी मराठी शब्दाचे पहिले अक्षर दीर्घ असेल, तर सामान्यरूपात उपान्त्य ई-ऊच्या जागी 'अ' येतो. कापूस–कापसाला, लाकूड–लाकडाला, बेरीज–बेरजेत. पहिले अक्षर ऱ्हस्व असेल तर तसे होत नाही, म्हणून 'विहीर–विहिरीत' आणि 'गरीब–गरिबाला' आधीच सापडत आहेत. 'शरीर' हा तत्सम असला तरी त्याचे पहिले अक्षर ऱ्हस्व आहे, त्यामुळे त्यालाही धक्का लागणार नाही.

प्रोग्राममध्ये हे असे बसवा. छाटणी झाल्यावर, पण ऱ्हस्व-दीर्घ एक करण्याच्या आधी, उरलेल्या खुणेत तीन अक्षरे आहेत का, पहिले दीर्घ आहे का आणि मधल्याला वेलांटी किंवा उकार आहे का ते पाहा. तिन्ही असतील तर ती वेलांटी किंवा उकार काढून टाका. मधले अक्षर सुटा 'ऊ' असेल तर त्या जागी 'व' ठेवा. 'पाऊस' याची खूण 'पावस' झाली आणि 'पावसात' छाटून आलेली खूणही 'पावस'च. 'देऊळ' आणि 'देवळात' दोन्ही 'देवळ' या खुणेवर भेटतात. क्रियापदांची काही रूपे या नियमात चुकून सापडतील आणि त्यांच्या खुणा विचित्र होतील, पण दोन्ही बाजूंना त्या सारख्याच विचित्र असतील, त्यामुळे शोध बिघडणार नाही.

'ऊन–उन्हात' आणि 'मासा–माशांचे' मात्र यादीतच घाला. स चा श होणारे आणखी शब्द आहेत: ससा–सशाला, पैसा–पैशाने, आरसा–आरशात. ते सगळे नियमाने करायला गेलात तर दोरीचा 'पाश' आणि बसचा 'पास' एकाच ओळीत येऊन बसतील. माझी यादी तपासून आज रात्री इथे लिहितो. त्यात तुमच्या नोंदीतले शब्द कमी असतील तर तेवढे जोडून घ्या.

जुने_अंक

यादी लिहाल तेव्हा 'पाऊस' याच्या शेजारी 'पाउस' हेही घाला. आमच्या संग्रहात जुन्या टंकनाच्या चुकीने ते तसे पुष्कळदा आलेले आहे आणि सुट्या ऱ्हस्व 'उ' ला वरचा नियम लागणार नाही.

मात्रावेलांटी

बरोबर. मग नियमातच 'उ' आणि 'ऊ' दोन्हींच्या जागी 'व' ठेवू. लेखसंग्राहक, मी आत्ताच तपासून पाहिले: 'पाउस', 'पाऊस', 'पावसाळ्यापूर्वीच्या' हे तीन शब्द दिले, तर पहिले दोन 'पावस' या खुणेवर आले आणि तिसरा 'पावसाळ' इथे थांबला. तो तसाच राहू द्या, कारण पावसाळा हा वेगळा शब्द आहे.